दोन नंबरची खोली आणि पाच नंबरची खोली

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर होणारच, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते ठाऊक नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. चौथीनंतर पेन हातात आला तो हजेरीवर सही करण्यापुरताच. पण सरांचा विषय निघाला की लोक हसतात, "येडं होतं ते म्हातारं" म्हणतात, आणि मला तोंडानं उत्तर सुचत नाही. लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

मी धर्माबादला मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये झाडलोट आणि चहापाण्याला आहे. सहा मोठ्या खोल्या आहेत. व्यापारी मिरचीची पोती आणून ठेवतात आणि भाव चढला की काढून नेतात. तोवर मिरची थंड आणि कोरडी ठेवायची, एवढंच काम. थंडी कमी झाली की पोत्यांना घाम सुटतो, आणि घाम सुटला की बुरशी येते.

त्या थंडीवर नजर ठेवायला सर होते. लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळून रिटायर झालेले. लग्न केलेलं नव्हतं. लातूरला एक बहीण, तिला रोज दुपारी एक वाजता फोन करायचे. फोन असा: "जेवलो. दोडका. तब्येत ठीक. संपलं." संपलं म्हणाले की फोन ठेवलाच. पलीकडून बहीण काही सांगत असली तरी.

धर्माबादच्या मे महिन्यातही त्यांच्या डोक्यावर माकडटोपी असायची. पूर्वी थर्मामीटर घेऊन प्रत्येक खोलीत जावं लागायचं, तेव्हाची ती सवय. पुढं शेठनी खोल्यांमध्ये डबे बसवले आणि सरांचं खोल्यांत जाणं बंद झालं, गुडघेही दुखायचे त्यांचे. टोपी मात्र राहिली. रस्त्यानं लोक टोपीकडं बघायचे आणि सर लोकांकडं बघायचे नाहीत.

डबे म्हणजे पांढरे, भाकरीच्या डब्याएवढे, प्रत्येक खोलीत दाराजवळ भिंतीवर एकेक. त्यातून निघालेल्या वायरींना खोलीतली थंडी आणि ओल कळायची. डब्याच्याच हातात त्या खोलीचे पंखे आणि गारवा सोडायची चावीही होती. सगळे डबे एका जाड वायरीनं ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडलेले. सर ऑफिसात बसून एक ओळ टाइप करायचे, एंटर दाबायचे, आणि तिकडं पाच नंबरचा डबा पाच नंबरच्या खोलीचा आकडा पाठवायचा. दुसरी ओळ टाइप केली की पंखे चालू. तिसरी टाइप केली की बंद.

पडदा काळा आणि अक्षरं पांढरी. चित्र नाही, रंग नाही. माऊस त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. शेठ म्हणायचे, "सर, एवढा महागाचा कॉम्प्युटर घेऊन दिला, अन् तुम्ही त्याची पाटी करून टाकली."

"पाटीवरच सगळे शिकतात," सर म्हणायचे. मान वळवायचे नाहीत.

दोन्ही हातांचं एकेक बोट वापरून टाइप करायचे, खूप हळू. एंटर दाबायच्या आधी लिहिलेली ओळ ओठांतल्या ओठांत दोनदा वाचायचे. मी एकदा कसंबसं विचारलं, "सर, दोनदा कशाला?" तर म्हणाले, "हा कॉम्प्युटर गरीब आहे. सांगितलं ते करतो, खरंच करायचं का असं विचारत नाही. म्हणून आपण आपल्याला विचारायचं."

माणसांशीही ते तसंच बोलायचे. सकाळी मी दारात दिसले की, "बाई. चहा. अर्धा. साखर नाही." मी मान हलवून निघाले की तेच पुन्हा, त्याच आवाजात, "बाई. चहा. अर्धा. साखर नाही." पहिले पंधरा दिवस मला वाटलं, म्हाताऱ्याला विसर पडतो. मग कळलं, मी तोंडानं "आणते" म्हटल्याशिवाय त्यांच्या लेखी निरोप पोचलेलाच नसायचा. मी लहानपणापासून कमी बोलणारी. घरात सासू म्हणायची, हिला तोंड दिलंय का न्हाई देवानं. माझ्याकडून दिवसातून चार वेळा तरी "आणते" वदवून घेणारे सर पहिलेच.

"बहुतेक" आणि "असेल" हे दोन शब्द त्यांना चालत नसत. कॉम्प्रेसरवर आमचा उस्ताद होता, हैदराबादकडं शिकून आलेला, हुशार कारागीर. त्याला सर विचारायचे, "तेल बदललं?"

"हौ सर, बदले होंगे छोकरे लोगां."

"होंगे नको. बदललं, का नाही बदललं, का ठाऊक नाही?"

"अरे सर, तुमको जवाब देना बोले तो कोर्ट में खडे रहे सरीका लगता."

"ठाऊक नाही म्हणालास तर चालेल. ते उत्तरच आहे."

उस्ताद माझ्याकडं बघून डोळा मिचकावायचा आणि तेल बघायला जायचा. दोघांचं भांडण रोजचं होतं, पण सर सुट्टीवर गेले की उस्तादला करमायचं नाही, हे मी बघितलंय.

आता जे लिहायचं ते लिहिते.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा होते. कॉम्प्रेसर, वजनकाटा, हातगाडे, उस्तादचे पाने, अगदी माझा झाडूसुद्धा. त्या साली सर दसऱ्याला लातूरला गेले होते. शेठ सकाळी म्हणाले, "मावशी, पाटावर सगळं मांडा. कॉम्प्युटर राहू द्या जागेवर, पण ते डबे एक-दोन आणा. वर्षभर तेच राबून राहिलेत."

मी दोन डबे आणले. पाच नंबरचा, कारण ती खोली ऑफिसला लागून. आणि दोन नंबरचा, कारण ती खोली रिकामी होती, डागडुजीसाठी बंद ठेवलेली, दार उघडंच होतं. काढताना मी फार जपलं. मागच्या पिना कुठल्या कुठं बसतात ते नीट बघून ठेवलं, वायरींना रंगीत पट्ट्या होत्या त्या पाठ केल्या. मग ओल्या फडक्यानं दोन्ही डबे पुसले. डब्याच्या पाठीला सरांनी कागद चिकटवून शाईनं नंबर लिहिले होते. फडक्याबरोबर कागद निघून आले. मला तेव्हा ते मळल्यासारखेच वाटले. दोघांना हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. नारळ फुटला, प्रसाद वाटला, शेठ म्हणाले आता जागेवर लावा. मी लावले. लाल पट्टीला लाल, हिरव्याला हिरवी, सगळं खटकन बसलं. मनात म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईनं हे केलं, कोणाला खरं वाटणार नाही.

दोन्ही डबे अगदी सारखे दिसायचे. कोणता कुठला, हे मी बघितलं नव्हतं.

सर दसऱ्यानंतर आले. पडद्यावर पाच नंबरचा आकडा चढलेला दिसला. "सुट्टीत लाइट गेली असेल," म्हणाले, आणि पाच नंबरला गारव्याचा हुकूम सोडला. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला. दोन नंबर गरम दिसत होता, पण ती खोली रिकामीच, तिला गारवा हवाय कोणाला. पडद्यावर सगळं जसं पाहिजे तसं होतं.

खरं तर पाच नंबरचा डबा आता दोन नंबरच्या रिकाम्या खोलीत बसला होता आणि तिलाच गार करत होता. पाच नंबरची खोली मिरचीनं गच्च भरलेली, तिच्यात दोन नंबरचा डबा. त्याला कोणी हुकूम देत नव्हतं. डबे काही खोटं बोलत नव्हते. त्यांना विचारलेलं ते सांगत होते. आपण कोणत्या खोलीत बसलोय हे त्यांना कुठं ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उस्ताद ऑफिसात आला. "सर, दो नंबर में हवा चलरी."

सरांनी ओळ टाइप केली, दोनदा वाचली, एंटर. "दोन नंबर बंद आहे."

"बंद कैसा? मैं उधरीच से आरा हूं. हड्डी जम गई मेरी."

"पडदा बंद सांगतोय. तू एक नंबरच्या दारातून गेला असशील."

"मेरेकू गिनती नै आती क्या सर?"

"उठून बघायचं असतं तर डबे कशाला बसवले?"

उस्ताद खांदे उडवून गेला. मी तिथंच फरशी पुसत होते. सकाळी दोन नंबरच्या दारावरून जाताना थंड वारा पायाला मलाही लागला होता. मी बोलले नाही. मोठी माणसं बोलत असताना मी कधीच बोलले नव्हते.

चार-पाच दिवसांनी व्यापारी माल काढायला आला आणि पाच नंबरचं दार उघडलं. आतून गरम ओली वाफ आली. दाराकडची पोती घामानं काळी पडली होती. हात घातला तर मिरची मऊ, आणि देठाजवळ पांढरी बुरशी. मागची पोती वाचली, पण पुढच्या दोन रांगा गेल्या.

शेठ कधी ओरडत नाहीत, त्या दिवशी ओरडले. "सर, तुमच्या त्या काळ्या पाटीनं माझं नाव घालवलं! पाच नंबर थंड हाय, थंड हाय, रोज सांगितलं का न्हाई तुम्ही?"

सर टोपी काढून हातात धरून उभे होते. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "सांगितलं," म्हणाले.

"मग ही वाफ कुठून आली?"

"ठाऊक नाही."

"चाळीस हजाराला बसलंय मला हे. उद्यापर्यंत कारण सांगा, न्हाई तर पाटी उचला आन् लातूरला जावा."

व्यापारी हसला. उस्ताद हसला नाही. मी झाडू धरून भिंतीला टेकले, कारण उस्ताद म्हणाला होता दोन नंबर थंड, आणि पाच नंबर गरम निघाला, आणि दोन आणि पाच माझ्या हातून गेले होते. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण दोन मुलांचे सदरे बदलले तर कळतं.

घरी आले. कोणाला सांगितलं नाही. नवरा गेल्यापासून माझ्या पगारावरच घर चाललं होतं, मुलीचं लग्न तोंडावर. सांगितलं तर माझी नोकरी जाणार. नाही सांगितलं तर सरांची. सरांना काय, पेन्शन आहे, बहीण आहे, असं मनाला सांगून बघितलं. पण ते "ठाऊक नाही" म्हणाले तो आवाज कानातून जाईना. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि मला होतं.

सकाळी चहा घेऊन गेले. सर पडद्यासमोर, डोळे लाल. मी चहा ठेवला आणि गेले नाही.

"बाई. काय?"

"सर, डबे मी काढले होते."

ते खुर्चीतच वळले. रागावले नाहीत. विचारायला लागले, डब्यांना विचारायचे तसं, एकेक.

"कोणते?"

"दोन नंबर. पाच नंबर."

"कधी?"

"खंडेनवमीला. पूजेला."

"परत लावले तेव्हा जागच्या जागी लावले?"

मला रडू यायला लागलं होतं. "ठाऊक न्हाई सर."

"बरोबर," ते म्हणाले. मग त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर आकड्यांच्या रांगा धावल्या. एका जागी बोट ठेवलं. तिथं रांगा तुटल्या होत्या. "हा बघा. दोघांचाही एकाच वेळी खाडा. दहापासून पावणेबारापर्यंत. हा मी दसऱ्यानंतरच बघितला होता. लाइट गेली असेल, म्हणालो. लाइट गेली असती तर सहाच्या सहा डब्यांचा खाडा पडला असता. एवढा विचार मी केला नाही."

ते उठले, टोपी घातली आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत दोन नंबरच्या खोलीत गेले. किती दिवसांनी खोलीत गेले असतील. बाहेर आले तेव्हा हातात डबा होता, त्यावर माझं कुंकू तसंच.

शेठकडं गेले. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. "डब्यांची अदलाबदल झाली. मी नंबर डब्याला दिला होता, खोलीला दिला नव्हता. उस्तादनं सांगितलं तेही ऐकलं नाही. चूक माझी. चाळीस हजार पगारातून कापा." माझं नाव घेतलं नाही. शेठ म्हणाले, "अदलाबदल केली कोणी?" सर म्हणाले, "ते मी बघतो." शेठनी पुढं विचारलं नाही; पूजेला डबे आणा असं त्यांनीच सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं का नाही, मला ठाऊक नाही. पैसे मिळणार होते, माणूसही राहणार होता.

दुपारी मला बोलावलं. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या बाई, मिटलं. मी पाया पडायच्या तयारीनं गेले.

"बाई. डबे बदलले ती तुमची चूक. उस्तादचं ऐकलं नाही ती माझी. निम्मं-निम्मं. वीस हजार तुमचे. जमेल तसे द्या. घाई नाही."

साडेसात हजार पगार माझा. पण रात्री जेवताना एक गोष्ट ध्यानात आली आणि घास तसाच राहिला. आजवर माझ्या हातून काही सांडलं, फुटलं, तर लोक म्हणायचे, जाऊ द्या, तिला काय कळतं. सरांनी तसं म्हटलं नव्हतं.

उस्तादला हे पुढं कधीतरी कळलं. तो माझ्यावरच चिडला. "मावशी, तुम कैकू देते? झाडूवाली से कोई पैसे लेता क्या? सर का दिमाग ठंडी में जम गया." दर महिन्याला पाचशे दिले. कधी तीनशे. मुलीच्या लग्नाच्या वेळी चार महिने काहीच नाही, आणि सरांनी विचारलं नाही. दिले की घ्यायचे, "राहू द्या" असं खोटं एकदाही म्हणाले नाहीत.

त्यानंतर कामाची पद्धत बदलली. नंबर आता डब्यावर नाही, भिंतीवर, ऑइलपेंटनं. आणि रोज सकाळी मी जुना काचेचा थर्मामीटर घेऊन खोलीत जायचं, दारातून ओरडून आकडा सांगायचा, आणि सरांनी पडद्यावर विचारायचं. दोन्ही जुळले तरच खोली बरोबर. ओरडायची मला इतकी लाज वाटायची. पहिल्या दिवशी माझा आवाज सरांपर्यंत गेलाच नाही. "बाई, पोचलं नाही!" तिकडून ओरडले. हमाल हसले. हळूहळू जमलं. पुढं सरांचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा ते तोंडानं सांगायचे आणि मी टाइप करायची. चार अक्षरं, मग एक जागा मोकळी, मग खोलीचा नंबर. इंग्रजी अक्षरं मी आकारावरून शिकले. "यात वीसच शब्द आहेत," सर म्हणायचे, "चौथी म्हणजे पुष्कळ झाली." एंटर दाबायच्या आधी दोनदा वाचायचं, हे मात्र माझ्याकडूनही करून घेतलं.

मग शेठनी मोबाइलवर चालणारी नवीन मशीन बसवली, रंगीत चित्रांची. सरांना कोणी जा म्हटलं नाही, पण काम उरलं नाही. एक दिवस माऊसची पिशवी सोडून माऊस टेबलावर ठेवला आणि लातूरला निघून गेले. माझे अजून साडेपाच हजार राहिले होते.

उस्ताद म्हणाला, आता कशाला द्यायचे, कोण मागतंय. खरं होतं. मी दमलेही होते. लग्नाचं कर्ज, मुलीचं बाळंतपण, गुडघे आता माझेही दुखतात. तरी साठले की सुट्टीच्या दिवशी सकाळची गाडी पकडून लातूरला जायचे, देऊन संध्याकाळी परत. दिवस जायचा, तिकिटाचे पैसे वेगळे. सर माणसासारखं बोलत बसतील असं नाही. पैसे घ्यायचे, मिरचीचा भाव विचारायचे, गप्प व्हायचे.

गेल्या रविवारी शेवटचे आठशे घेऊन गेले. सर पलंगावर बसलेले, आता त्यांना उजेड-अंधारापलीकडं काही दिसत नाही. टोपी होती. बहिणीनं पाणी दिलं. तिला माझ्या येण्याचं कारण ठाऊक नव्हतं, जुनी ओळख म्हणून येते असं वाटायचं. मी सरांच्या हातात नोटा दिल्या तशी ती बघतच राहिली.

"हे काय रे दादा? या बाईकडून पैसे घेतोस तू? कसले?" मग माझ्याकडं वळून, "अहो, तुम्ही तरी कशाला देता? याला काही समजत नाही, लहानपणापासून असाच. उचला ते, मी सांगते ना, उचला."

सर नोटा तळहातावर तशाच ठेवून बसले, माझ्याकडं तोंड करून. त्यांना वाटलं असतं तर एका शब्दात त्यांनी बहिणीला गप्प केलं असतं.

मी उभी राहिले. "ताई, माझ्या हातून दोन डबे बदलले होते," मी म्हणाले. "दोन रांगा मिरची गेली. निम्मी चूक माझी होती आणि निम्मी सरांची. माझे वीस हजार होते. आज शेवटचे आहेत." माझा आवाज बाहेर अंगणापर्यंत गेला असेल, कारण शेजारची बाई डोकावली. मी थांबले नाही. "ते घेतात म्हणून मी देते. तुम्ही मध्ये पडू नका."

बहीण चहा ठेवायला आत गेली.

सरांनी नोटा बोटांनी चाचपल्या, लांबी-रुंदीवरून ओळखत, एकेक करून मोजल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग घडी करून खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "सगळे आले."